धुण्याचा सोडा: तेलकटावर भारी, ॲल्युमिनियमला वैरी

किराणा दुकानात सुटा मिळणारा धुण्याचा सोडा ही घरातली बहुधा सगळ्यात स्वस्त सफाईची वस्तू, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरली जाणारीही. निकाल आधीच सांगून टाकतो. तेलाचा चिकटा काढणं आणि जड पाण्यात कपडे नीट निघणं, या दोन कामांत एवढ्या पैशांत त्याच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही. नळाभोवतीचे पांढरे डाग, गंज, हळद, रेशीम, लोकर आणि ॲल्युमिनियम यांच्यासाठी मात्र तो एक तर बिनकामाचा आहे किंवा थेट नुकसान करणारा.

दुकानात तो दोन रूपांत येतो आणि इथेच पहिली गफलत होते. काचेसारखे पारदर्शक खडे म्हणजे सोडियम कार्बोनेट अधिक पाणी. त्यांच्या वजनात ६३ टक्के पाणीच असतं, खरा सोडा ३७ टक्के. दुसरं रूप कोरड्या पांढऱ्या पावडरीचं, म्हणजे सोडा ॲश. तिच्यात जवळजवळ सगळा सोडाच. त्यामुळे १०० ग्रॅम पावडरीचं काम करायला सुमारे २७० ग्रॅम खडे लागतात. खड्यांचा भाव पावडरीच्या भावाच्या एक तृतीयांशाहून फार वर असेल तर तुम्ही पाणी विकत घेताय. ऑनलाइन सुबक पाकिटांत 'नैसर्गिक क्लीनर' म्हणून जे विकलं जातं तेही हेच. घेतलंत तर पाकिटावर कोणतं रूप लिहिलंय तेवढं वाचा. पुढची सगळी मापं सोडा ॲशच्या पावडरीची आहेत. खडे असतील तर पावणेतीनपट धरा.

चमच्याने मोजण्यातही फसगत आहे. सोडा ॲश हलका आणि जड अशा दोन प्रकारांत बनतो. हलका पिठासारखा असतो, त्याचा एक मोठा चमचा आठ-नऊ ग्रॅम भरतो. जड दाणेदार असतो, तोच चमचा पंधरा ग्रॅमच्या आसपास जातो. नवीन पिशवी आणली की एकदा वजनकाट्यावर एक सपाट चमचा तोलून घ्यायचा आणि आकडा डब्यावर लिहून ठेवायचा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

उघड्या पिशवीत खड्यांवर पांढरी भुकटी चढलेली दिसते. माल खराब झाला म्हणून लोक तो फेकतात. खरं तर कोरड्या हवेत खड्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, आणि ती भुकटी वजनाला वजन खड्यापेक्षा जास्त तेज असते. पावडरीचं उलट: पावसाळ्यात ती ओल धरते, गठ्ठे होतात, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिचा थोडा भाग हळूहळू खाण्याच्या सोड्यात बदलतो. फोडून वापरता येते, फक्त जोर थोडा कमी. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा घ्यायचा. ॲल्युमिनियमचा डबा नको.

खाण्याचा सोडा आणि हा सोडा दिसायला सारखेच, म्हणून डबे शेजारी ठेवू नयेत. शंका आलीच तर चिमूटभर हळद पाण्यात कालवून तिच्यावर थोडी पावडर टाका. धुण्याचा सोडा असेल तर हळद लगेच गडद लालभडक होते; खाण्याच्या सोड्याने रंग जेमतेम नारिंगीकडे झुकतो. कारण खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास राहतो आणि धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर जातो. सामूतला एक आकडा म्हणजे दहापट फरक, तेव्हा हे दोन सोडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पापडखार संपला म्हणून हा सोडा पापडाच्या पिठात घालणं तर पूर्ण वर्ज्य. तो खाण्याच्या दर्जाचा नसतो. त्यातल्या अशुद्धी खाण्याच्या दृष्टीने तपासलेल्या नसतात.

कपडे: पाणी कसलं आहे ते आधी पाहा

सोड्याची खरी किंमत बोअरच्या पाण्यात कळते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांना चिकटतो, फेस येत नाही आणि राखाडी चिकट चोथा कपड्यावर बसतो. सोडा टाकला की कॅल्शियम आधीच कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि साबण मळासाठी मोकळा राहतो. मुंबईचं तलावांचं पाणी किंवा पुण्याचं खडकवासला साखळीतलं धरणाचं पाणी मुळात मऊ आहे. तिथे या कामासाठी सोडा घालून फार काही मिळत नाही. त्याच शहरांत सोसायटीची बोअर किंवा टँकर सुरू झाला की गणित बदलतं. मराठवाड्या-विदर्भात बोअरवर चालणाऱ्या घरांत तर वर्षभर उपयोग.

किती घालायचा, हे हिशेबाने काढता येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत धरली आहे. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे. २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम जडपणा झाला. तो काढायला ८.५ ग्रॅम सोडा लागतो. एवढा सोडा फक्त पाणी सुधारण्यात खर्ची पडतो, मळापर्यंत पोचतच नाही. मळासाठी लिटरला आणखी अर्धा ते सव्वा ग्रॅम धरला की रोजच्या सुती कपड्यांना बादलीला एकूण २० ग्रॅम, आणि गॅरेजचे कपडे, पायपुसणी, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी यांना ३० ते ३५ ग्रॅम. त्याहून वर जाऊन स्वच्छता वाढत नाही, खळबळायची पाण्यं तेवढी वाढतात.

पाणी किती जड आहे हे टीडीएस मीटर सांगत नाही. तो मिठासकट सगळेच विरघळलेले क्षार मोजतो. घरगुती परीक्षा सोपी आहे. दोन सारख्या बाटल्यांत एकीत पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) आणि दुसरीत नळाचं घ्या, दोन्हींत धुण्याच्या साबणाच्या वडीचा सारखाच कीस टाकून हलवा. एकीत उभा फेस आणि दुसरीत दुधट पाणी, वर साय, असं दिसलं तर सोड्याला काम आहे. ही परीक्षा साबणावरच चालते. डिटर्जंटला जड पाण्यातही थोडाफार फेस येतो.

क्रम महत्त्वाचा आहे. कोमट पाणी आधी, त्यात सोडा भुरभुरत ढवळायचा. उलटं केलं, म्हणजे बादलीच्या तळाशी पावडर टाकून वरून गार पाणी सोडलं, तर ती पाणी शोषून दगडासारखी जमते आणि अर्धा तास विरघळत नाही. विरघळल्यावर पाच-दहा मिनिटं थांबायचं, कारण कॅल्शियम खाली बसायला वेळ लागतो आणि गार पाण्यात जास्तच लागतो. मग साबण किंवा पावडर, शेवटी कपडे. साबण आणि सोडा एकदमच टाकले तर साबणाचा बराच भाग सोड्याच्या आधी चोथा होऊन बसतो, आणि मग लोक म्हणतात सोड्याने काही होत नाही.

आता एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. स्वस्त धुण्याच्या पावडरींत सोडा ॲश आधीच भरपूर असतो. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केलेल्या निरमाचा स्वस्तपणा बराचसा याच जोरावर होता, आणि पुढे त्या कंपनीने भावनगरजवळ स्वतःचा सोडा ॲशचा कारखानाच काढला. अशा पावडरीत वरून मूठभर सोडा घालणं म्हणजे खारट आमटीत मीठ. फायदा दिसतो तो दोन ठिकाणी: साबणाच्या वडीने धुणाऱ्यांना, आणि मशीनमध्ये लिक्विड डिटर्जंट वापरणाऱ्यांना. लिक्विडमध्ये सोडा सहसा नसतो. 'ऑक्सिजन'वाली डाग काढणारी पांढरी पावडरही पाण्यात पडल्यावर सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच होते, तेव्हा ती वापरताय तर वेगळा सोडा नको.

मशीनमध्ये १५ ते २० ग्रॅम पुरे. तो मगभर कोमट पाण्यात विरघळवून थेट ड्रममध्ये ओतायचा. कप्प्यात कोरडी पावडर टाकली की तिथेच थर जमतो. ड्रमच्या मागे त्याला धरून ठेवणारा तीन हातांचा आधार बऱ्याच फ्रंट लोड मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. अल्कली (सोड्यासारखं, आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य) साचून राहिली तर तो पोखरतो. म्हणून प्रत्येक धुण्याला मुठीने सोडा नको, आणि सोडा घातला तर एक जादा रिन्स ठेवा.

टॉवेल खरखरीत व्हायला लागले तर समजायचं की खाली बसलेलं कॅल्शियम कार्बोनेट धाग्यांत अडकतंय. सोडा कमी पडतोय किंवा खळबळणं कमी पडतंय. उपाय: शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. मात्र ते शेवटच्याच पाण्यात. लहान मुलांच्या लंगोट्या आणि दुपट्यांना सोडा वापरलात तर किमान तीन पाण्यांतून काढा. उरलेल्या अल्कलीने कोवळी कातडी लाल होते.

कॉलर-कफांचा मळ म्हणजे अंगाचं तेल, तिथे सोडा छान चालतो: वरचंच पाणी, अर्धा तास भिजत, मग ब्रश. पिवळे पडलेले सुती पांढरे कपडे, अभ्रे, पलंगपोस ५०-६० अंशांच्या पाण्यात दोन तास भिजवले तर फरक लगेच दिसतो. परिटाच्या भट्टीत हेच व्हायचं, फक्त वाफेवर आणि कितीतरी जास्त वेळ. पण रंगीत कापड आतल्या शिवणीवर आधी तपासून घ्या: सोड्याच्या पाण्यात बुडवलेला पांढरा कापूस पाच मिनिटं दाबून धरायचा, रंग उतरला तर त्या कपड्याला सोडा नको.

डागांच्या बाबतीत सोडा चांगलाच पक्षपाती आहे. तेल, तूप, ग्रीस, बुटाचं पॉलिश: हो. रक्त: चालतं, पण गार पाण्यात, गरम पाण्याने ते पक्कं बसतं. हळद: सोडा लागताच लाल. घाबरायचं नाही, डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. धुऊन कडक उन्हात टाकलं की एक-दोन दिवसांत उडतो. जांभूळ आणि करवंदाचे डाग सोड्याने निळे-हिरवट होतात, त्यांना आधी लिंबू. चहाचा डाग कापडावर अल्कलीने आणखी गडद दिसतो. गंजाला सोडा काहीही करत नाही, तिथे लिंबू-मीठ किंवा ऑक्झॅलिक ॲसिडच हवं.

रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे, आणि अल्कली असे धागे खाते. पैठणी, शालू, नारायण पेठ, लोकरी शाल, यांच्याजवळ हा डबा नेऊच नये. एकदाच बुडवलं तरी चमक जाऊ शकते, आणि जरीखालचं रेशीम कमजोर झाल्याचं पुढे घडीवर चिरल्यावर कळतं.

स्वयंपाकघर: इथे तो राजा आहे

फोडणीच्या धुराचा जो पिवळट चिकटा ओट्यामागच्या टाइल्सवर, डब्यांच्या झाकणांवर आणि एक्झॉस्ट फॅनवर बसतो, तो साध्या भांड्याच्या साबणाला दाद देत नाही. एक लिटर गरम पाण्यात ३० ते ४० ग्रॅम सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. हे लिक्विड विसरू नका: सोडा तेलाचा थोडा भाग साबणात बदलतो आणि तवंग सुटा करतो, पण सुटलेलं तेल पाण्यात धरून ठेवायला लिक्विड लागतं. फडकं भिजवून टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग घासणी, मग साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. एकदाच पुसलं तर वाळल्यावर पांढरी झाक उरते आणि दोष सोड्यावर येतो. वर्षानुवर्षं तापून कडक झालेला तपकिरी थर एका हाताने निघत नाही. दोन-तीनदा करा, पाणी दर वेळी गरम घ्या.

तेलकट वासाचे स्टीलचे आणि प्लास्टिकचे डबे, तेलाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या यांना हेच पाणी अर्धा तास. चहाने आतून तपकिरी झालेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये एक चमचा सोडा आणि वर उकळतं पाणी. बूच न लावता तासभर ठेवा. कापडावर चहाचा डाग गडद करणारा सोडा स्टीलवर तोच थर अलगद सोडवतो.

आता ॲल्युमिनियम. सोडा त्याच्यावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतो, मग आतल्या धातूवर हल्ला होतो, बारीक बुडबुडे येतात आणि भांडं काळं-मळकट पडतं. ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर, इडलीपात्र, पोळ्यांचा डबा, नॉनस्टिक तव्याची मागची बाजू एवढं सगळ्यांच्या लक्षात येतं. निसटतात त्या या जागा: स्लायडिंग खिडक्यांच्या पट्ट्या, मच्छरजाळीच्या चौकटी, शेगडीच्या बर्नरखालच्या नळ्या आणि चिमणीची जाळी. चिमणीचे तिरप्या पट्ट्यांचे फिल्टर बहुतेक स्टीलचे असतात, ते गरम सोड्याच्या पाण्यात बिनधास्त भिजवा. विणलेल्या जाळीचे फिल्टर मात्र अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात. चुंबक लावून बघा: चिकटला तर लोखंड-स्टील, निर्धास्त. नाही चिकटला तर ते स्टील असेल किंवा ॲल्युमिनियम. हातात धरून फारच हलकं वाटलं तर भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी एवढ्यावरच भागवा.

पितळ-तांब्याचा काळपटपणा हा धातूच्या ऑक्साइडचा थर, तो आम्लाने जातो. चिंच, लिंबू किंवा पितांबरी. समईवरचं साचलेलं तेल मात्र आधी सोड्याने काढलं तर नंतर चिंच कमी लागते. चांदीसाठी एक वेगळी युक्ती खरोखर चालते: स्टीलच्या पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, लिटरभर गरम पाण्यात चमचाभर सोडा घाला, चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. काही मिनिटांत काळा थर जातो, सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. या रीतीत चांदी घासली जात नाही, थरातलं गंधक फॉइलकडे जातं. मोती, खडे आणि मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड नक्षी यांना हे करू नये.

मोरी आणि नळी

स्वयंपाकघराच्या सिंकची नळी तुपा-तेलाने हळूहळू बुजते. त्यासाठी पंधरवड्यातून एकदा दोन लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम सोडा विरघळवून ओतायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा गरम पाणी. पाइप पीव्हीसीचा असेल तर पाणी उकळतं नको, हात भाजेल न भाजेल इतपत. हे तुंबणं टाळण्यासाठी. पूर्ण तुंबलेली नळी किंवा बाथरूमच्या जाळीतला केसांचा गुंता सोड्याने सुटत नाही. तिथे तार किंवा रबरी पंप. दुकानात मिळणारे ड्रेन क्लीनर बहुधा कॉस्टिक सोड्याचे असतात. ती निराळी आणि फार जहाल चीज आहे.

बाथरूमच्या टाइल्स, नळ, शॉवर, गीझर यांवरचे पांढरे थर म्हणजे कॅल्शियमचे क्षार. सोडा हेच क्षार पाण्यातून खाली बसवतो, जमलेले विरघळवत नाही. त्यांना लिंबूसत: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. संगमरवरावर मात्र लिंबूसतही नको.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. १०० मिलिलिटर पाच टक्के व्हिनेगर सुमारे साडेचार ग्रॅम सोडा संपवतं, आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट, ज्याला ना तेल काढता येतं ना क्षार. दोन्ही वापरायचे तर एकामागून एक, मध्ये पाणी. टॉयलेटच्या ॲसिड क्लीनरबरोबरही हेच होतं.

हातमोजे घाला, कारण हा सोडा कातडीवरचं तेलही तितक्याच प्रामाणिकपणे काढतो. पावडर ओतताना तोंड लांब ठेवा. डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टर गाठायचा. कोणी गिळला तर उलटी काढू नका, तोंड धुवा आणि दवाखान्यात न्या. पॉलिश केलेलं लाकूड, तैलरंग आणि डिस्टेंपरच्या भिंती यांवरही तो चालवू नये, रंग सुटतो.

उरलेलं सोड्याचं पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या अळवाला घालू नका. मातीत सोडियम वाढलं की तिचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि वर कडक पापडी धरते. शेतकरी जिला चोपण जमीन म्हणतात ती अशीच सोडियमने बिघडलेली असते, आणि ती सुधारायला जिप्सम घालावं लागतं. हे पाणी मोरीतच ओता, वरून एक बादली साधं पाणी सोडा.